चौल : हरवलेल्या बंदराची सहल

रोह्याहून कुंडलिकेच्या सोबतीने पश्चिमेला गेले, की साळावच्या पुलापलीकडे रेवदंडा लागतो आणि त्याला लागूनच चौल. सुट्टीत आम्ही तेथे गेलो ते प्राचीन बंदर पाहण्यासाठी. दिसले ते पोर्तुगीज तटाचे अवशेष, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि संथ खाडी. बंदर शोधायचे ते आता ग्रंथांतूनच.

दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी येथे आला होता. त्याच्या 'सैमूर'मध्ये मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. पुढे १४७० च्या आसपास रशियातील त्वेरचा अफनासी निकितीन विकायला आणलेला एक घोडा घेऊन याच किनाऱ्यावर उतरला आणि पालीमार्गे जुन्नरला गेला. त्याच्या वृत्तांताला प्रवासवर्णन म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. व्होल्गेच्या मुखाशी झालेल्या लुटीत त्याचे धर्मग्रंथ गेले होते. ईस्टर केव्हा, उपवास केव्हा, हे त्याला अंदाजानेच ठरवावे लागे. वृत्तांताच्या अखेरीस प्रार्थना येते, तीही मुसलमानी शब्दांत.

लोक काय खातात, काय नेसतात, कुणाला भजतात, हे तो इतके निरखून लिहितो. कारण त्याचे स्वतःचे खाणे, नेसणे, भजणे येथे पणाला लागले होते. आमच्या सहलीत असे काहीच पणाला नव्हते. रेवदंड्यातील त्याच्या स्मारकापाशी छायाचित्र काढून आम्ही परतलो. वृत्तांत मात्र घरी येऊन पुन्हा वाचावा लागला.