आजारी न पडलेल्या सैनिकाचे जंतू

अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिकची कॅप्सूल तुम्हीही कधीतरी घेतली असेल. अशा कॅप्सूलची एक गोष्ट पहिल्या महायुद्धातली आहे. साल १९१७, पेनिसिलिनचा शोध लागायला अजून अकरा वर्षे होती. जर्मनीत फ्रायबर्गला काम करणाऱ्या डॉ. आल्फ्रेड निसल यांना एक सैनिक आढळला. सोबतचे सैनिक शिगेला जंतूच्या हगवणीने हैराण, हा मात्र ठणठणीत! निसल यांनी त्याच्या विष्ठेतून ई. कोलाय जंतूचा एक वाण वेगळा काढला, वाढवला आणि चक्क कॅप्सूलमध्ये भरला.

ई. कोलाय? लघवीच्या कल्चर रिपोर्टवर दिसतो तोच? हो, जात तीच, पण वाण वेगळा. हा वाण आतड्यातले लोह पटकावतो आणि मायक्रोसिन नावाची द्रव्ये सोडून उपद्रवी जंतूंना रोखतो. शिवाय आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना डिफेन्सिन हे शरीराचे स्वतःचे जंतुनाशक बनवायला लावतो. प्रोबायोटिकने 'इम्युनिटी वाढते' असे जाहिरातीत मोघमपणे सांगतात. प्रत्यक्षात ते काम असे नेमके असते.

अल्सरेटिव्ह कोलायटिस पुन्हा उफाळू नये म्हणून हा वाण मेसालामिन या नेहमीच्या औषधाइतकाच उपयोगी ठरल्याचे २००४ च्या चाचणीत दिसले. मात्र हा गुण त्याच वाणाचा, त्याच आजारापुरता. म्हणून डबीवर नुसते 'प्रोबायोटिक' नव्हे, वाणाचे पूर्ण नाव वाचा. आणि घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल देऊ नका. अशा रुग्णांत हे जिवंत जंतू रक्तात शिरल्याची उदाहरणे आहेत.