गणितीय जीवशास्त्राच्या कार्यशाळा: कर्जत-खालापूरहून मोबाइलवर कशा शोधायच्या, अर्ज कसा करायचा?

अकरावीला प्रवेश घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: पीसीएम की पीसीबी? तिथूनच गणित एका वाटेने जातं आणि जीवशास्त्र दुसऱ्या. पण साथ किती दिवसांत पसरेल, भातावरचा खोडकिडा कधी वाढेल, गुणसूत्रावर कोणतं जनुक कुठे आहे, या प्रश्नांना दोन्ही विषय लागतात. हे दोन्ही एकत्र शिकवणाऱ्या कार्यशाळा भारतात दरवर्षी होतात. एम.एससी. करणारे, पीएच.डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले आणि नुकतेच शिकवायला लागलेले प्राध्यापक यांना त्यांचा सर्वात जास्त फायदा होतो. अडचण एवढीच की लहान कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ही माहिती सहसा लागत नाही. म्हणून सगळं एका जागी देतोय.

हा विषय आपल्याकडचाच आहे

१९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथींचं एक गणित मांडलं. लोकांचे तीन गट करायचे: निरोगी, आजारी आणि बरे झालेले किंवा दगावलेले. आज याला एसआयआर मॉडेल म्हणतात. ते तपासायला त्यांनी घेतलेले आकडे होते मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंचे. मॅकेंड्रिक स्वतः भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम करून गेले होते.

दुसरं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते मुळात गणितज्ञ. १९४४ मध्ये, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजला असताना, त्यांनी दोन जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र प्रसिद्ध केलं. आजही जनुकीय नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' हा पर्याय असतो आणि भाताचे नकाशे काढतानाही तो वापरतात. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या 'कर्जत-३', 'कर्जत-७' या जाती आपल्या शेतात आहेत, म्हणजे हा विषय आपल्या बांधापासून फार लांब नाही. पुढे कोसंबी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करायचे. म्हणजे ते रोज कर्जतवरूनच जात.

आधी मोबाइलवर एक प्रयोग करून बघा

हा विषय आपल्याला आवडतो का, हे अर्ज करायच्या आधी कळलेलं बरं. गूगल शीट्स उघडा. १००० लोकांचं गाव धरा. पहिल्या ओळीत निरोगी ९९९, आजारी १, बरे ०. पुढची प्रत्येक ओळ म्हणजे पुढचा दिवस:

- नवे रुग्ण = ०.३ × निरोगी × आजारी ÷ १०००
- आज बरे होणारे = ०.१ × आजारी
- नवे रुग्ण निरोगींमधून वजा करा आणि आजारींमध्ये मिळवा. बरे होणारे आजारींमधून वजा करून 'बरे' मध्ये टाका.

सूत्र दीडशे ओळी खाली ओढा आणि आलेख काढा. सुरुवातीला रुग्ण साधारण चार दिवसांत दुप्पट होतात. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास एकाच वेळी तीनशेच्या थोडे वर लोक आजारी असतात. आता ०.३ च्या जागी ०.१५ टाका, म्हणजे लोकांचा संपर्क निम्मा केला. शिखर सत्तरच्याही खाली येतं! गावातल्या दवाखान्यात खाटा किती आहेत हे आठवलं की या फरकाचा अर्थ लगेच कळतो.

आता खरा प्रश्न. प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत पसरतो, हे मॉडेल मात्र फक्त माणसं मोजतं. मग ते मुंबईच्या आकड्यांशी जुळलं, तरी त्यावर किती विश्वास ठेवायचा? आलेख काढणं यूट्यूबवरही शिकता येतं. गृहीतकांवर बोट ठेवायला मात्र समोर शिक्षक आणि शेजारी वाद घालणारे मित्र लागतात. कार्यशाळेला जायचं ते यासाठी.

संधी कुठे आहेत?

आयसीटीएस, बंगळुरू: टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र. लोकसंख्या जनुकशास्त्र आणि उत्क्रांती, क्वांटिटेटिव्ह सिस्टिम्स बायॉलॉजी अशा विषयांवर इथे शाळा झाल्या आहेत. अर्ज ऑनलाइन असतो. निवड झाली नाही तरी व्याख्यानं त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर फुकट बघता येतात.

विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप: देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून ही देतात. विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही अर्ज करता येतो. नामवंत संशोधकाकडे साधारण दोन महिने काम करायला मिळतं. अर्ज सहसा दिवाळीच्या आगेमागे सुरू असतात, म्हणजे उन्हाळ्याची तयारी हिवाळ्याआधीच करायची.

एमटीटीएस आणि एनसीएम: गणिताचा पाया कच्चा वाटत असेल तर इथून सुरुवात करा. एमटीटीएस हे गणिताचं उन्हाळी शिबिर १९९३ पासून चालू आहे. एनसीएमचं केंद्र आयआयटी मुंबईत असून पीएच.डी. करणाऱ्यांसाठीच्या त्यांच्या शाळा देशभर होतात.

एनपीटीईएल: आयआयटी गुवाहाटीचे प्रा. बिप्लब बोस यांचा 'इंट्रोडक्शन टू डायनॅमिकल मॉडेल्स इन बायॉलॉजी' आणि आयआयटी मद्रासचे प्रा. कार्तिक रामन यांचा 'कॉम्प्युटेशनल सिस्टिम्स बायॉलॉजी'. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी. नेट कमी असेल तर वाय-फायवर व्हिडिओ डाउनलोड करून लोकलमध्ये बघा.

परदेशात: इटलीत त्रिएस्तला आयसीटीपी ही संस्था आहे. विकसनशील देशांतल्या संशोधकांसाठीच ती १९६४ मध्ये सुरू झाली आणि निवड झालेल्या काहींना प्रवासखर्चही देते. सोसायटी फॉर मॅथेमॅटिकल बायॉलॉजीची वार्षिक परिषदही लक्षात ठेवा.

जवळचं बघायचं तर आयआयटी मुंबईला कर्जत किंवा खोपोली लोकलने ठाणे आणि तिथून स्लो लोकलने कांजूरमार्ग. पुण्यात पाषाणला आयसर आहे. दोन्हीकडे होणाऱ्या व्याख्यानांच्या सूचना त्यांच्या संकेतस्थळांवर येतात.

फोनवरून अर्ज करताना

१. ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू करा. बरेच फॉर्म मोबाइलवर नीट उघडत नाहीत.
२. 'हा कार्यक्रम का हवा' याचं उत्तर आधी नोट्समध्ये लिहा, मग फॉर्ममध्ये चिकटवा. मध्येच रेंज गेली तरी लिहिलेलं वाचतं.
३. त्या उत्तरात नुसतं 'मला आवड आहे' नको. तुमचा प्रश्न लिहा. वर केलेली शीट असेल तर तिच्याबद्दल दोन ओळी लिहा.
४. शिफारसपत्रासाठी सरांना किंवा मॅडमना किमान दोन आठवडे आधी विचारा. गुणपत्रिका आणि तुमच्या कामाचा सारांश सोबत पाठवा.
५. अंतिम तारीख कॅलेंडरमध्ये टाका, आठवण दहा दिवस आधीची लावा.

खोटी कार्यशाळा कशी ओळखायची?

'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, आजच पैसे भरा' असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. मी तीन गोष्टी बघतो. शिकवणाऱ्यांची नावं दिलीत का? ती माणसं त्यांच्या संस्थेच्या पानावर सापडतात का? निवड होण्याआधीच पैसे मागतात का? भारतातल्या सरकारी संस्थांचे पत्ते बहुतेक 'रेस डॉट इन', 'एसी डॉट इन' किंवा 'जीओव्ही डॉट इन' असे संपतात. शंका आली तर संस्थेच्या मूळ संकेतस्थळावर जाऊन तो कार्यक्रम तिथे आहे का ते बघा.

घरच्यांचा प्रश्न: खर्च किती?

राहणं, जेवण आणि प्रवास या तिन्हींचे नियम प्रत्येक कार्यक्रमाच्या पानावर वेगवेगळे दिलेले असतात. ते वाचा, नसतील तर आयोजकांना सरळ ईमेल करा. पैशांबद्दल विचारल्याने निवडीवर परिणाम होईल या भीतीने गप्प बसू नका, हा प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातला असतो.

इंग्रजी अडखळत असेल तरी अर्ज करा. तुमचा प्रश्न स्वतःचा असेल तर तो मोडक्या वाक्यांतूनही पोहोचतो.