दारांतला मोहसल

कराची थकबाकी आणि ती वसूल करण्यास दारीं येणारा शिपाई, हा विषय सायंकाळच्या भाषणाला रुक्ष वाटेल. परंतु राज्य आणि रयत यांचें खरें नातें दरबारापेक्षां घराच्या उंबरठ्यावर अधिक स्पष्ट दिसतें. आज त्या उंबरठ्याचा थोडा इतिहास पाहूं.

पेशवाईंत सारा थकला म्हणजे कमाविसदाराकडून ‘मोहसल’ येई. मोहसल म्हणजे तगाद्यासाठीं बसविलेला शिपाई किंवा स्वार. पैसा चुकता होईपर्यंत तो हालत नसे. आणि त्याचा ‘मसाला’, म्हणजे रोजचा खर्च, थकबाकीदाराच्याच माथीं बसे. देणें जितकें लांबे तितकें तें फुगे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मामलती इजाऱ्यानें देण्याची चाल वाढली, आणि अधिक बोली करणाराच वसुलीस आल्यानें तगाद्याला धार चढली.

खासगी कर्जाचा तगादाहि याच जातीचा. एल्फिन्स्टन साहेबानें 1819 च्या अहवालांत त्याचें वर्णन केलें आहे. ऋणको बरोबरीचा किंवा हलका असेल, तर त्यास घराबाहेर पडूं देत नसत, जेवूं देत नसत, उन्हांतहि बसवीत. तोच वरचढ असला म्हणजे धनको स्वतःच त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे व उपाशी राही. एकूण, तगाद्याची रीत माणसाची पायरी पाहून ठरे.

पुढें 1879 मध्यें मुंबई इलाख्याचा जमीन महसूल कायदा झाला. नोटीस, जप्ती, लिलाव हे वसुलीचे मार्ग त्यानें लेखीं बांधून दिले, आणि दिवाणी कायद्यानें जें जप्तीमुक्त तें सारावसुलींतहि जप्तीमुक्त, हें तत्त्व स्वीकारलें. 1908 च्या दिवाणी संहितेप्रमाणें अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाचीं भांडीं, कारागिराचीं हत्यारें यांना बेलीफ हात लावूं शकत नाहीं. मंगळसूत्रासारखा जो दागिना धर्मरूढीनें स्त्रीला उतरवितां येत नाहीं, त्यालाहि नाहीं. सूर्यास्तानंतर त्यानें राहत्या घरांत शिरतां कामा नये.

मात्र नियम लिहिले म्हणून जाच संपला नाहीं. 1928 साली बारडोलींत 22 टक्के सारावाढीची वसुली आली, तेव्हां जप्तीवाल्यांच्या भीतीनें कुणब्यांनीं म्हशींसह स्वतःला घरांत कोंडून घेतलें. कायद्याची चौकट न्याय्य आकारणीची जागा घेऊं शकत नाहीं, हा त्याचा धडा.

आतां पिंपरी-चिंचवडकडे वळूं. जेथें एके काळीं शेताचा सारा घेत, तेथें 1954 मध्यें पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, 1970 मध्यें नगरपालिका आली व 1982 मध्यें महानगरपालिका. सारा मागें पडून घरपट्टी पुढें आली. आज थकबाकीदाराच्या दारीं जप्तीचें पथक येतें, तें बिल, मागणीची नोटीस आणि वॉरंट या पायऱ्यांनीं. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. जप्तीचा खर्चहि घरमालकाकडूनच वसूल होतो. जुना मसाला नांव पालटून उरला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

फरक एवढाच, पण तो मोठा आहे: मोहसलाला कागद विचारण्याची सोय रयतेला क्वचितच होती, आपल्याला ती आहे. नोटीस आली म्हणजे ती फडताळांत दडवूं नये. ती वाचावी, आकारणी चुकली असल्यास मुदतींत हरकत घ्यावी, बरोबर असल्यास भरणा करून पावती जपावी. उंबरठ्याची अब्रू पूर्वीं पायरीवर अवलंबून असे. आज ती कागदावर आहे, आणि कागद वाचणें आपल्या हातीं आहे.