सूर कोणाचा? टिळकांच्या दोन खटल्यांच्या निमित्ताने

वाङ्मयसमीक्षेच्या तासाला 'टोन' आणि 'मूड' या संज्ञा शिकवताना आम्ही अध्यापक बहुधा एक सोपी वाट धरतो. 'टोन' म्हणजे लेखकाचा विषयाकडे आणि वाचकाकडे वळलेला स्वर, 'मूड' म्हणजे लेखनातून वाचकाच्या मनात उभी राहणारी भाववृत्ती, असे फळ्यावर लिहायचे. मग एक उतारा वाचून 'उपरोधिक', 'विषण्ण', 'संयत' यांपैकी एखादे विशेषण निवडायला सांगायचे. विशेषण चुकले तर विद्यार्थ्याचा एक गुण जातो. मराठी गद्याच्या इतिहासात मात्र अशाच विशेषणांच्या निवडीवरून एका लेखकाला दोन खेपांना मिळून साडेसात वर्षांची शिक्षा झाली. टिळकांवरच्या १८९७ आणि १९०८ च्या खटल्यांकडे राजकीय इतिहास म्हणून आपण पुष्कळदा पाहतो. स्वराच्या वाचनाचे खटले म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

पहिल्या खटल्यात १५ जून १८९७ च्या 'केसरी'तील मजकूर होता. शिवराज्याभिषेकोत्सवातील भाषणांचा वृत्तांत आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता. पुण्यात प्लेगचा कहर आणि प्लेगबंदोबस्ताचा जाच चालू होता आणि अंक निघाल्यावर अवघ्या आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, रँडवर गोळी झाडली गेली. कवितेत शिवाजीमहाराज जागे होऊन देशाची अवस्था पाहतात आणि शोक करतात. म्हणजे बोलणारे शिवाजीमहाराज, लिहिणारा कोणी टोपणनावाचा कवी आणि छापणारे टिळक. आपण विद्यार्थ्यांना बजावतो की कवितेतला 'मी' आणि कवी एक समजू नका. न्यायालयापुढे हा भेद टिकला नाही. तो टिकायला हवा होता, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण सतराव्या शतकातल्या राजाच्या तोंडून एकोणिसाव्या शतकातली गाऱ्हाणी वदवली की मुखवटा किती पारदर्शक होतो, हे कवीलाही ठाऊक असणारच.

न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी १२४ अ कलमातील 'अप्रीती'चा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा सांगितला आणि त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. त्यांच्या निवेदनातला दुसरा भाग साहित्याच्या अभ्यासकांनी अधिक लक्षात घेण्यासारखा आहे. लेखनाचा हेतू ठरवताना ते कोणत्या वेळी, कोणत्या परिस्थितीत आणि कशा वाचकांसाठी लिहिले गेले हे पाहा, असे त्यांनी ज्यूरीला सांगितले होते. हे वाचताना मला मम्मट आठवतो. 'काव्यप्रकाशा'च्या तिसऱ्या उल्लासात व्यंग्य अर्थ कशाकशाने कळतो याची यादी आहे: बोलणारा, ज्याला उद्देशून बोलले तो, काकू म्हणजे आवाजाची वळवणूक, प्रसंग, देश, काल वगैरे. इंग्रज न्यायाधीशाने नकळत तीच यादी अर्धीमुर्धी पुढे ठेवली. त्यात काकू मात्र नव्हती. ती असणार तरी कशी? मजकूर भाषांतरातून वाचला जात होता. सहा युरोपीय ज्यूररांनी दोषी म्हटले, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा १८ महिन्यांची झाली.

१९०८ मध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. ३० एप्रिलला मुझफ्फरपूर येथे बाँबने दोन इंग्रज स्त्रियांचा बळी घेतला. त्यानंतर 'केसरी'त आलेल्या 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) या लेखांवर खटला भरला गेला. मथळेच पाहा. पहिला शोकाचा, दुसरा वडीलकीच्या सल्ल्याचा. पहिल्या लेखात घडले ते वाईट झाले असा सूर लागतो. पण थोड्याच वेळात त्या वाईटाची जबाबदारी हट्टी राज्यपद्धतीकडे सरकते. दुसऱ्यात दडपशाहीच्या कायद्यांनी हा रोग हटणार नाही, लोकांना हक्क देणे हाच उपाय, असा युक्तिवाद आहे. सरकारपक्षाच्या मते हा शोक म्हणजे पांघरूण होते. टिळकांच्या मते ती राज्यकर्त्यांना दिलेली सूचना होती.

टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला आणि ज्यूरीपुढे ते सुमारे २१ तास बोलले. भाषांतराची ग्वाही देणाऱ्या सरकारी साक्षीदाराची त्यांनी केलेली उलटतपासणी मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. मूळ शब्दाची छटा कोणती, इंग्रजी प्रतिशब्दात ती किती गडद झाली, हे ते एकेक शब्द हातात घेऊन विचारतात. मुद्दा क्षुल्लक नव्हता. माझाच एक दाखला देतो. 'जुलूम' हा शब्द सरकारविषयीही येतो आणि पंगतीत आग्रहाने वाढणाऱ्या यजमानालाही आपण 'काय हा जुलूम!' म्हणतो. शब्दकोशातून इंग्रजीत गेलेला 'जुलूम' फक्त पहिलाच असतो. शिवाय आपले लेख हे अँग्लो-इंडियन पत्रांना दिलेले उत्तर आहे, वादातली एकच बाजू ऐकून आवाज चढा वाटणारच, असेही टिळकांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी त्या पत्रांतले उतारेच्या उतारे ज्यूरीला वाचून दाखवले.

ऐकणारे होते सात युरोपीय आणि दोन पारशी ज्यूरर. न्यायमूर्ती होते दिनशा दावर, ज्यांनी १८९७ साली वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी काम केले होते! २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा निर्णय लागला. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड.

इथवर टिळकांची बाजू घेणे सोपे आहे आणि बहुतेक चरित्रकारांनी ती घेतलीही आहे. माझी अडचण पुढे सुरू होते. भाषांतर सदोष होते, ज्यूरीपैकी बहुतेकांना मराठी येत नव्हते, हे सगळे मान्य. पण ते लेख मराठीत, आजही, मोठ्याने वाचून पाहावेत. मी वर्गात ते केले आहे. शोकाच्या वाक्यांवर आवाज मंद राहतो. राज्यकर्त्यांच्या हट्टाकडे मजकूर वळला की तो आपोआप चढतो. वाक्ये लांबत जातात आणि प्रत्येक 'पण' नंतर अधिक जोर येतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे खरेच दुःख आहे की धमकी?" मी दोन्ही म्हणालो. तिला ते पटले नाही; परीक्षेत एकच लिहावे लागते.

तरी माझे मत तेच आहे. ज्या लेखकाला उघड बोलण्याची मुभा नाही, त्याचा सूर एकेरी राहू शकत नाही. तो राज्यकर्त्याला सूचना म्हणून ऐकू येईल आणि वाचकाला आव्हान म्हणून, अशी त्याची बांधणीच असते. न्यायालयातले टिळक आपल्या गद्यातली एक पट्टी सिद्ध करत होते आणि दुसरी झाकत होते, तसे करणे त्यांना भागच होते. सरकारी वकिलाने शब्द चुकीचे वाचले, पण दुसरी पट्टी त्याला ऐकू आली होती. टिळकांना निरागस ठरवून आपण त्यांच्या गद्याला उणेपणा आणतो.

ती दुसरी पट्टी आणखी कोणी ऐकली, याची नोंद इतिहासात आहे. 'केसरी' गावोगावी आणि चाळींतून एकाने वाचावा आणि दहांनी ऐकावा असा चाले. म्हणजे भाषांतरात हरवलेली काकू तिथे वाचणाऱ्याच्या आवाजात होती. शिक्षेची बातमी पसरताच, २३ जुलैपासून, मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप पुकारला. त्यांच्यातल्या अनेकांना अक्षरओळख नव्हती. सैन्य आले, गोळीबार झाला, माणसे मेली. संप सहा दिवस चालला, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस.