परतीचा कागद

समजा, ओतूरची एक मुलगी. बारावीनंतर पुण्यात इंजिनिअरिंग, मग मास्टर्सला अमेरिका. तिथे एका मुलाशी ओळख झाली, लग्न झालं. मुलगा तिथलाच, जन्माने अमेरिकन नागरिक. लग्नानंतर दोघांनी तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज भरला. त्याने एका फॉर्मवर लिहून दिलं, ही माझी बायको. तिने दुसऱ्या फॉर्मवर मागणी केली, मला इथे कायमचं राहू द्या. लग्नाचे फोटो, दोघांच्या नावाचं बँक खातं, घराचा भाडेकरार, बोटांचे ठसे, डॉक्टरची तपासणी, सगळं झालं. आता फक्त वाट बघायची.

आणि एका रात्री घरून फोन येतो. आजीचं काही खरं नाही, भेटून जा.

नवरा लगेच तिकिटं बघायला लागतो. वकील मात्र म्हणतो, थांबा. तुम्हाला जायला कुणी अडवणार नाही, अडचण परत येण्याची आहे. परतीची परवानगी आधी हातात नसताना ती देशाबाहेर पडली, तर तिने अर्ज स्वतःहून सोडून दिला असं धरलं जातं. त्या परवानगीसाठी वेगळा फॉर्म आहे, आय-१३१. त्याचं उत्तर यायला महिने लागू शकतात. तोपर्यंत ओतूरला मांडवीच्या काठी आजीचा दहावा होऊन जाईल आणि नात तो व्हॉट्सॲपवर बघेल.

जुन्नर-आंबेगावात दहावा म्हणजे काय हे इकडच्या माणसाला सांगायला नको. गावोगावचे पाहुणे नदीकाठी जमतात, प्रवचन होतं, आणि कोण आलं, कोण आलं नाही हे पुढची कित्येक वर्षं लक्षात राहतं. 'तिला सुट्टी मिळाली नाही' हे लोक समजून घेतात. 'ती आली असती तर तिला नवऱ्याच्या घरी परत जाता आलं नसतं' हे कुणाला आणि कसं सांगायचं?

लग्न खरं, नवरा खरा, आजी खरी. मग मधे हा कागद कुठून आला? त्याची गोष्ट बरीच जुनी आहे, आणि तिचा एक तुकडा चक्क जुन्नरमध्ये घडलेला आहे.

जुन्नरला अडकलेला माणूस

परदेशी माणूस जुन्नरला नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांचा माल वर यायचा आणि मालाबरोबर माणसंही यायची. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांचे शिलालेख आहेत. इरिल, चिट आणि चंद अशी त्यांची नावं. कुणी पाण्याच्या पोढी खोदून दिल्या, कुणी भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. आपण यवन आहोत हे त्यांनी लपवलं नाही, ते दगडात कोरूनच ठेवलं. परके म्हणून ओळखले गेले आणि तरी इथले दाते झाले.

त्यानंतर तेराशे-चौदाशे वर्षांनी, १४७० च्या आसपास, जुन्नरला आणखी एक परदेशी आला. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला पोचला. विकायला एक उमदा घोडा आणला होता. जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होतं आणि इथला कारभार असदखानाकडे होता. पाऊस लागला, वाटा चिखलात गेल्या आणि निकितीन इथेच अडकला.

असदखानाला कळलं की हा मुसलमान नाही, रूसी आहे. त्याने घोडा काढून घेतला आणि अट घातली. धर्म बदललास तर घोडा परत देईन, वर हजार सोन्याची नाणी देईन. नाही बदललास तर घोडा जाईलच, शिवाय तुझ्याकडून हजार नाणी वसूल करीन. मुदत चार दिवसांची. शेवटी खोरासानचा कुणी ख्वाजा मुहम्मद जुन्नरला आला, त्याने खानाकडे रदबदली केली आणि निकितीन घोड्यासकट सुटला. हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने ते लिखाण प्रसिद्ध आहे.

त्या चार दिवसांत निकितीनला ना पुढे जाता येत होतं, ना मागे फिरता येत होतं. निर्णय एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर आणि सुटका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर. आज मर्जीच्या जागी नियम आले आणि ख्वाजाच्या जागी वकील. अधांतरी राहणं तेवढं तसंच राहिलं.

आपल्याकडचा परवाना

हे फक्त गोऱ्यांचे किंवा सुलतानांचे उद्योग असंही नाही. परतीचा परवाना आपल्या समाजानेही मागितला होता, फक्त तो कागदावर नव्हता. समुद्र ओलांडला की जात गेली. परत पंक्तीत बसायचं तर प्रायश्चित्त घ्यायचं. राघोबादादांनी १७८१ साली हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील इंग्लंडला पाठवला होता. तिथे एडमंड बर्कने त्याची सोय पाहिली. परत आल्यावर मात्र त्याला शुद्धी करून घ्यावी लागली.

१८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाल्या. तेव्हा त्यांना ना व्हिसा लागला, ना कुठल्या वकिलातीची मुलाखत. निघण्याआधी बंगालमधल्या सेरामपूरला त्यांनी भाषण केलं. लोकांच्या मनातल्या प्रश्नांना त्यांनी त्यात उत्तरं दिली, आणि त्यातला एक प्रश्न होता, परत आल्यावर तुम्हाला वाळीत टाकलं तर? नवरा पाठीशी होता, सरकारची आडकाठी नव्हती, तरी परतीची काळजी होतीच.

पुढच्या चाळीस वर्षांत ही काळजी जातीकडून सरकारकडे गेली. पहिल्या महायुद्धाने पासपोर्ट सक्तीचा केला. हिंदुस्थानातही १९२० साली पासपोर्टचा कायदा झाला. आता सीमेवर माणसाला विचारायला लागले, तू कुणाचा? आणि बाई असेल तर, तू कुणाची?

बायको कुठली?

अमेरिकेने १९०७ साली कायदा केला की अमेरिकन बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केलं तर तिचं नागरिकत्व जातं. नवरा जिथला, बायको तिथली. १९२२ मध्ये बायकांच्या लढ्यामुळे हा कायदा बदलला, पण अर्धाच. ज्या पुरुषाला त्याच्या वंशामुळे अमेरिकन नागरिक होताच येत नाही, त्याच्याशी लग्न केलं तर बायकोचं नागरिकत्व जायचंच. शिवाय एक कलम असं होतं की ती नवऱ्याच्या देशात सलग दोन वर्षं राहिली, तर तिने अमेरिका सोडली असा अर्थ काढता येईल. म्हणजे सासरी फार दिवस राहिली तर माहेर तुटणार. हे कलम १९३० साली गेलं, आणि वंशाची अट १९३१ साली.

याच काळातला एक माणूस, सखाराम गणेश पंडित. नाव आपल्या कानाला ओळखीचं, मुक्काम लॉस एंजेलिस. १९१४ मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला, पुढे वकील झाला, लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईशी त्याने लग्न केलं. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड यांचा वकील पंडितच होता. खटला हरला आणि सरकार त्याच्या स्वतःच्या नागरिकत्वावर घसरलं.

पंडितने कोर्टात 'मी गोरा आहे' हा वाद घातला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. तुम्ही मला नागरिक केलंत, त्या भरवशावर मी संसार उभा केला. आता ते काढून घेतलंत तर माझी वकिली जाईल, आणि माझ्या बायकोला तिच्याच देशात परकं व्हावं लागेल. १९२६ साली अपील कोर्टाने त्याची बाजू धरली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला. कागदावर विसंबून माणसं आयुष्य उभं करतात, ही गोष्ट तिथे कोर्टाला मान्य करावी लागली.

आईला भेटायला गेलेला माणूस

आता ओतूरच्या मुलीच्या सगळ्यात जवळची गोष्ट. इग्नाट्झ मेझेई नावाचा माणूस १९२३ पासून अमेरिकेत राहत होता. बफलो शहरात घर, घरात बायको. १९४८ साली तो मरणाला टेकलेल्या आईला भेटायला रोमानियाला निघाला. रोमानियाने आत घेतलं नाही, हंगेरीत तो दीड वर्षाहून जास्त अडकला. १९५० मध्ये न्यूयॉर्कला परतला तर अमेरिकेने सांगितलं, तू देशाच्या सुरक्षेला धोका आहेस. पुरावा काय, ते गुपित. त्याला एलिस बेटावर ठेवलं. दुसरा कुठला देश घेईना, अमेरिका आत सोडेना.

१९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. पंचवीस वर्षं इथे राहिलेला असला तरी तो आता दारात उभा आहे, आणि दारात उभ्या माणसाला आतल्या माणसाचे हक्क नाहीत. त्याआधी एलन क्नॉफ या माजी अमेरिकन सैनिकाच्या जर्मन बायकोलाही याच बेटावर अडवून ठेवलं होतं. १९५० साली तिच्याविरुद्धही निकाल गेला. पुढच्या वर्षी ती आत आली. मेझेई १९५४ मध्ये सुटला, आणि तो सुटला 'परोल'वर.

परोल म्हटलं की आपल्याला येरवड्याचा तुरुंग आठवतो. इमिग्रेशनच्या कायद्यातही अर्थ फार लांबचा नाही. परोल मिळालेला माणूस पायाने आत येतो, कायद्याने मात्र अजून दारातच असतो. हा शब्द १९५२ च्या कायद्यात आला. त्याच कायद्याने आणखी एक सोय केली. तोवर अमेरिकेत असलेल्या माणसाला कायमचा रहिवासी व्हायचं तर बहुधा बाहेर जाऊन, पुष्कळदा कॅनडात जाऊन, व्हिसा घेऊन परत यावं लागे. आता देशात राहूनच अर्ज करता येऊ लागला. ओतूरच्या मुलीने भरला तो हाच अर्ज. पण अर्ज आत असलेल्या माणसाचा, तेव्हा माणूस बाहेर गेला की अर्जाला आधारच उरत नाही, असा त्याचा हिशोब. यातून काढलेली वाट म्हणजे 'ॲडव्हान्स परोल', जाण्याआधीच मिळवलेली परतीची परवानगी. फॉर्म आय-१३१ तो हा.

आता कसं चालतं

तुमच्या ओळखीतला एखादा एच-१बीवाला मात्र अर्ज चालू असताना आरामात घरी येऊन गेला असेल. ते खरं आहे. १९९९ पासून एच आणि एल व्हिसावाल्यांना, त्यांच्या जोडीदारांनाही, चालू व्हिसावर या परवानगीशिवाय जा-ये करता येते. विद्यार्थी व्हिसावरून लग्न करून अर्ज भरलेल्या मुलीला ती सवलत नाही. तिने आय-१३१ भरला आणि उत्तर येण्याआधीच निघाली, तर तोही अर्ज बाद होतो. घरात मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर स्थानिक कार्यालयात तातडीची मागणी करता येते, पण हॉस्पिटलचे कागद जोडावे लागतात आणि हो म्हणणं त्यांच्या हातात असतं. ब्रिटनमध्येही नवरा-बायकोच्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज चालू असताना देश सोडला, तर अर्ज मागे घेतला असं मानतात.

१९९६ च्या अमेरिकन कायद्याने यात आणखी एक फास घातला. व्हिसा संपल्यावर वर्षभर किंवा जास्त राहिलेला माणूस बाहेर पडला की दहा वर्षं परत येऊ शकत नाही. मग ॲडव्हान्स परोल घेऊन गेलेल्याचं काय? हा प्रश्न एका भारतीय जोडप्यानेच सोडवला. त्यांचा अर्ज नोकरीवरचा होता. परवानगी घेऊन ते भारतात म्हाताऱ्या आईवडिलांना भेटायला आले, परत गेले, आणि नंतर त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही देश सोडलात, आता दहा वर्षांची बंदी. २०१२ साली इमिग्रेशनच्या अपील मंडळाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परतीची परवानगी घेऊन गेलेला माणूस त्या कलमाच्या अर्थाने देश सोडून गेलेला नसतो. आज असे कितीतरी अर्जदार आईवडिलांना भेटून येतात ते या निकालाच्या आधारावर.

लग्नात नवी सून माप ओलांडून आत येते, आणि त्या क्षणापासून घर तिचं होतं. कायद्याचं माप इतक्या झटकन ओलांडता येत नाही. ॲडव्हान्स परोलवर परतलेली सून विमानतळावर पुन्हा एकदा दारात उभी असते. हातात कागद असला तरी आत घ्यायचं की नाही हे खिडकीतला अधिकारी ठरवतो. बहुतेक वेळा शिक्का बसतो. तरी त्या रांगेतली मिनिटं लांबच लांब वाटतात.

निकितीन जुन्नरहून सुटला, बीदर पाहिलं, समुद्र ओलांडले, पण त्वेरला पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वाटेत वारला. त्याची वही तेवढी मागे राहिली.

म्हणून इतिहासातून उचलायचीच झाली तर एक साधी गोष्ट उचलावी. ग्रीन कार्डाचा अर्ज भराल त्याच दिवशी आय-१३१ सुद्धा भरा. तेव्हा कुठेही जायचं नसतं. गावाकडे सगळं ठीक असतं, आजी ओसरीवर बसून शेंगा फोडत असते, आणि हा फॉर्म भरताना मनात उगाच काहीतरी अभद्र येतं. तरीही भरा. हा कागद आजी ठणठणीत असतानाच मागावा लागतो.