कॉमेटचा कर्ता : रोनाल्ड बिशप

१९५२ सालच्या मे महिन्याच्या २ तारखेस लंडनच्या विमानतळावरून एक विमान जोहान्सबर्गकडे निघालें. त्याच्या इंजिनांपुढें गरगरणारे पंखे नव्हते. दोन्ही बाजूंच्या पंखांच्या मुळाशीं बसविलेलीं चार जेट इंजिनें त्याला ताशीं सुमारें ४५० मैलांच्या वेगानें पुढें रेटीत होतीं. तिकीट काढलेल्या उतारूंना घेऊन नियमित फेरी करणारें जगांतील हें पहिलें जेट विमान. त्याचें नांव कॉमेट, म्हणजे धूमकेतु. विमान बांधणाऱ्या डी हॅव्हिलंड कंपनीचें नांव त्या दिवशीं सर्वतोमुखीं झालें. परंतु ज्याच्या देखरेखीखालीं त्याचा आराखडा तयार झाला, त्या रोनाल्ड एरिक बिशपचें नांव सामान्य उतारूच्या ओठीं कधीं आलें नाहीं.

बिशपचा जन्म १९०३ सालचा. १९२१ मध्यें तो डी हॅव्हिलंडच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून शिरला, पुढें नकाशे काढण्याच्या खात्यांत गेला आणि १९३६ सालीं तेथील आराखड्यांची धुरा त्याच्या खांद्यावर आली. दुसऱ्या महायुद्धांत त्याच्या तुकडीनें मॉस्किटो नांवाचें विमान उभें केलें. प्लायवुड आणि बाल्सा या हलक्या लाकडांचें हें विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजीं प्रथम उडालें. युद्धकाळीं धातूची टंचाई. म्हणून खुर्च्या-कपाटें करणाऱ्या कारागिरांच्या हातून घडणारें विमान फार मोलाचें ठरलें.

युद्ध संपलें आणि उतारूंच्या विमानांचा प्रश्न पुढें आला. पंख्याच्या विमानांत अमेरिकेनें मोठी आघाडी मारली होती. तिच्यामागून धांवत बसण्यापेक्षां एक पायरी सोडून पुढच्या पायरीवर उडी घ्यावी, असें इंग्लंडमध्यें ठरलें. जेट इंजिनाला उंचावरील विरळ हवा मानवते. खालीं उडाल्यास तें अतोनात इंधन खातें. यास्तव कॉमेटला ३५,००० फुटांवर व त्याहूनहि वर उडणें भाग होतें. तितक्या उंचीवर मनुष्य श्वास घेऊन जगूं शकत नाहीं. म्हणून आंत हवा दाबून भरावयाची आणि उतारूंना जणुं ८,००० फुटांवरच बसलों आहों असें भासवावयाचें, अशी योजना झाली. परिणामीं प्रत्येक उड्डाणांत विमानाचें धड फुग्यासारखें ताणलें जाई आणि उतरतांना पुन्हां सैल पडे. तें धड ज्या पत्र्याचें होतें, तो बव्हंशीं इंचाच्या पंचविसाव्या भागाहूनहि पातळ होता.

२७ जुलै १९४९ रोजीं हॅटफील्ड येथें कॉमेटनें पहिली झेप घेतली आणि तीन वर्षांच्या आंत उतारूंची वाहतूक सुरू झाली. पण २ मे १९५३ रोजीं, म्हणजे पहिल्या फेरीस बरोबर वर्ष होत असतां, कलकत्त्याहून निघालेलें एक कॉमेट वादळांत सांपडून मोडलें व ४३ माणसें दगावलीं. तो दोष वादळाच्या माथीं गेला. पुढें १० जानेवारी १९५४ रोजीं इटलीजवळ एल्बा बेटानजीक निरभ्र आकाशांत दुसरें कॉमेट फुटून ३५ जण समुद्रांत पडले. वाहतूक थांबविण्यांत आली, सुधारणा झाल्या, २३ मार्चला ती पुन्हां सुरू झाली. आणि ८ एप्रिलला नेपल्सच्या दक्षिणेस तिसरें विमान २१ जणांसह गेलें.

आतां मात्र शोध कसून झाला. आरमारानें समुद्रतळांतून तुकडे वर काढले. फार्नबरो येथील सरकारी संशोधनसंस्थेंत सर आर्नोल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखालीं एक अख्खें कॉमेट पाण्याच्या टाकींत ठेवून त्यांत पाणी दाबून भरण्याचा व सोडण्याचा क्रम रात्रंदिवस चालला. पाणी अशासाठीं, कीं हवेनें फुटल्यास बाँबसारखा स्फोट होऊन सारा पुरावा नाहींसा झाला असता. पूर्वीचीं उड्डाणें धरून सुमारें ३,००० व्या खेपेस धड एका खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटलें. लोखंडी तार एकदां वाकविली तर तुटत नाहीं. तीच पुनःपुन्हां वाकविली कीं तुकडे हातांत येतात. सदराहि फाटतो तो बहुधा खिशाच्या कोपऱ्यापासून. धातूलाहि असाच शीण येतो, आणि तो कोपऱ्यांत सांठतो.

मग बिशपच्या मंडळींनीं हें पाहिलें नव्हतें काय? पाहिलें होतें, आणि दैवगति अशी, कीं त्यांच्या दक्षतेनेंच त्यांना फसविलें. धडाचा जो भाग त्यांनीं सुमारें १६,००० खेपा ताणून पाहिला, त्यावर आधीं मजबुती तपासण्यासाठीं दुप्पट दाब देऊन झाला होता. त्या जबर दाबानें कोपऱ्यांतील धातु किंचित् ताणला जाऊन उलट अधिक टिकाऊ बनला. उतारूंच्या विमानांना तसा दाब कधींच दिला गेला नव्हता. एल्बाचें विमान सुमारें १,३०० उड्डाणांनीं, तर नेपल्सचें अवघ्या ९०० उड्डाणांनीं फुटलें. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला, कीं तत्कालीन ज्ञानाच्या मर्यादेंत कंपनीची समजूत वाजवी होती. बिशप दोषमुक्त ठरला. पण त्या ५६ जीवांचें ओझें निकालपत्रानें उतरणारें नव्हतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. चूक कोठें झाली तें झांकलें गेलें नाहीं. चौकशी उघड झाली, अहवाल प्रसिद्ध झाला आणि प्रतिस्पर्धी कारखान्यांनाहि तो वाचावयास मिळाला. धड जाड पत्र्याचें व खिडक्या गोलसर करून बिशपच्या तुकडीनें नवें कॉमेट सिद्ध केलें. ४ ऑक्टोबर १९५८ रोजीं त्यानेंच अटलांटिकवरील पहिली जेट फेरी केली. परंतु २६ ऑक्टोबरला अमेरिकेचें अधिक मोठें बोईंग ७०७ त्या मार्गावर आलें आणि बाजार त्याचा झाला.

१९६४ सालीं बिशप निवृत्त झाला व १९८९ सालीं वारला. पहिलें जेट विमान हें त्याचें यश आणि फुटलेलें धड हें त्याचें अपयश, असे दोन हिशेब मांडतां येत नाहींत. खातें एकच आहे. मागून येणाऱ्यांनीं ज्या ठेवीवर व्यापार केला, ती कॉमेटच्या उतारूंनीं प्राण देऊन आणि बिशपनें आपली चूक जगापुढें उघडी पडूं देऊन ठेवलेली होती.