टर्बो स्वस्त, बाकीचं महाग: मोटारसायकलच्या टर्बोचा छोटा इतिहास

हिर्डोशीहून महाडला जायचं तर वरंधा घाट उतरावा लागतो. उतरताना इंजिनाला फारसं काम नसतं. परत येताना मात्र मागे माणूस आणि मध्ये तांदळाचं पोतं असलं की दीडशे सीसीची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडायला लागते. मी इंजिनावर पीएचडी करतोय हे कळलं की गावाकडची पोरं हमखास विचारतात, "गाडीला टर्बो बसवला तर? खर्च किती येईल?"

प्रश्न खुळा नाही. चार जपानी कंपन्यांनी 1980 च्या सुमारास हाच प्रश्न स्वतःला विचारला होता.

आधी मुद्दा समजून घेऊ. इंजिन म्हणजे हवेचा पंप. जितकी जास्त हवा आत जाईल तितकं जास्त पेट्रोल जाळता येतं. सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत बरीच ऊर्जा वाया जाते. तिच्यावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून आत कोंबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. पेटंट 1905 चं.

आपल्या कामाचा प्रयोग 1918 मधला आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून अमेरिकेतल्या पाइक्स पीक या डोंगरावर नेलं. उंची सुमारे 4300 मीटर. खाली 350 अश्वशक्ती देणारं इंजिन वर 230 वर आलं, आणि टर्बो जोडल्यावर 356 वर गेलं. म्हणजे टर्बोने डोंगराने खाल्लेली ताकद परत आणली.

पण वरंधा म्हणजे पाइक्स पीक नव्हे. महाडहून सहा-सातशे मीटर चढून आलं तर हवा सात टक्क्यांच्या आसपास विरळ होते. गाडी रडते ती ओझ्याने आणि चढाने, हवेच्या तुटीने नाही. इथेच पहिली गफलत होते.

दुसरी गफलत एसटी आणि ट्रककडे बघून होते. पुण्यात कोथरूडला 1962 मध्ये किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, तेव्हापासून मोठ्या डिझेल इंजिनांचं तंत्र आपल्या जिल्ह्यात आहे. भारत स्टेजचे नियम कडक होत गेले तसा टर्बो बहुतेक डिझेल गाड्यांत आला. डिझेलला तो मानवतो, कारण तिथे आधी फक्त हवा दाबली जाते आणि इंधन नंतर फवारलं जातं. जास्त हवा त्याला पचते. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्रच दाबलं जातं. दाब वाढला की मिश्रण ठिणगीआधीच किंवा भलत्याच जागी पेटतं. हेच ते नॉकिंग. पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

होंडाला हे माहीत होतं. त्यांची सीएक्स 500 टर्बो 1982 च्या सुमारास बाजारात आली. 497 सीसीतून 82 अश्वशक्ती! त्यासाठी काय काय करावं लागलं ते बघा. साध्या सीएक्समध्ये 10 ला 1 असलेलं कॉम्प्रेशन 7.2 वर आणलं, कार्बोरेटर काढून संगणकावर चालणारं फ्युएल इंजेक्शन घातलं, आणि इतक्या छोट्या इंजिनाला चालेल असा टर्बो आयएचआय या कंपनीकडून खास बनवून घेतला. पाठोपाठ यामाहाची एक्सजे 650 टर्बो, सुझुकीची एक्सएन 85 आणि कावासाकीची जीपीझेड 750 टर्बो आली. कावासाकीची 112 अश्वशक्तीची गाडी माझ्या मते चौघींत सगळ्यात शहाणी होती. टर्बो एक्झॉस्टच्या तोंडाजवळ ठेवल्यामुळे तो लवकर जागा व्हायचा. तरी 1985 नंतर चारही गायब! तेवढ्याच पैशांत 900-1100 सीसीची साधी, हलकी आणि मूठ पिळल्याबरोबर पळणारी गाडी मिळत असेल, तर ही भानगड कोण विकत घेईल?

आता आपली दीडशे सीसी. 8000 आरपीएमला ती मिनिटाला 600 लिटर हवा ओढते. भंगारात सहज मिळणारा छोटा टर्बो म्हणजे 1248 सीसीच्या डिझेल कारचा. (हे इंजिन आपल्या रांजणगावातही बनायचं.) ते इंजिन 4000 आरपीएमला टर्बोशिवायच अडीच हजार लिटर ओढेल; टर्बो लावल्यावर आणखी. म्हणजे हत्तीचं जू शेळीच्या मानेवर. त्यात सिलिंडर एकच. 4000 आरपीएमला एक्झॉस्टचे सेकंदाला जेमतेम 33 फुसकारे, आणि लाखभर आरपीएमने फिरायला हवं असलेलं चक्र प्रत्येक दोन फुसकाऱ्यांच्या मध्ये मंदावतं. या धक्क्यांचं गणित हाच माझ्या प्रबंधाचा विषय, म्हणून जरा जास्त बोलतोय.

खर्चाचं म्हणाल तर जुना टर्बो काही हजारांत मिळेल. पण त्याच्या बेअरिंगला सतत दाबाने ऑइल हवं, आणि आपल्या गाडीत सगळं मिळून लिटरभर ऑइल. त्यातच क्लच आणि गिअर. मग वेगळा ऑइल पंप, इंजेक्शन, त्याचा ईसीयू, खोलगट पिस्टन, कडक क्लच स्प्रिंग आणि हवा साठवायची टाकी. बेरीज गाडीच्या किमतीच्या पुढे जाते. एवढं करून घाटात काय होईल? वळणावर आरपीएम पडले की टर्बो झोपलेला, आणि कॉम्प्रेशन कमी केल्यामुळे गाडी आधीपेक्षा मरगळलेली. वळण अर्धं झालं, रस्ता ओला आहे, आणि नेमकी तेव्हा ताकद एकदम येते. वरंध्याची वळणं ज्यांनी पावसात पाहिली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको.

कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे बदल अडवतं, आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते ते वेगळंच.

आकुर्डीच्या बजाजने ताकद कशी वाढवली ते बघा. 2001 ची पल्सर 180 साधारण 15 अश्वशक्तीची. 2012 ची पल्सर 200 एनएस 23.5 ची. टर्बो नाही, चार व्हॉल्व्ह, तीन स्पार्क प्लग आणि पाण्याने थंड होणारं इंजिन. होंडाने नोव्हेंबर 2024 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात तीन सिलिंडरचं नवं इंजिन दाखवलं, त्यातही हवा दाबायला एक्झॉस्ट वापरलेला नाही, विजेवर चालणारा कॉम्प्रेसर आहे. टर्बोच्या झोपेवर चाळीस वर्षांनी काढलेला हा उपाय.

म्हणून पोरांना मी सांगतो, आधी एअर फिल्टर आणि क्लच प्लेट तपासा. चेन तशीही बदलायची असेल तर मागचं स्प्रॉकेट कंपनीच्याच मापांत थोडं मोठं मिळतं का ते मेकॅनिकला विचारा. 42 दात्यांच्या जागी 45 बसलं तर चाकावरचा जोर सात टक्के वाढतो आणि वरचा वेग तेवढाच उतरतो. भोर ते महाड रस्त्यावर तो वरचा वेग लागतो तरी कुणाला!